सोयाबीनमुळे स्तनाचा कर्करोग वाढतो का? उंदीर एक सांगतात, शांघायच्या महिला दुसरंच

‘स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी सोयाबीनला हातही लावू नये’ असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. तो अगदीच हवेतला नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट आहे.

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन नावाचं आयसोफ्लेव्होन असतं. त्याच्या रेणूची ठेवण इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर तेही जाऊन बसतं. स्तनाच्या अनेक गाठी इस्ट्रोजेनवरच पोसतात, म्हणून ही भीती.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अंडाशय काढलेल्या उंदरांमध्ये मानवी स्तनकर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी वाढवल्या गेल्या. शुद्ध जेनिस्टीन खाऊ घातल्यावर गाठी वाढल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर टॅमोक्सिफेन या औषधाचा परिणामही त्याने कमी केला.

पुढे याच संशोधकांनी तेवढंच जेनिस्टीन कमी प्रक्रिया केलेल्या सोयापिठातून दिलं, तेव्हा मात्र गाठी तशा वाढल्या नाहीत! म्हणजे पदार्थ आणि त्यातून वेगळा काढलेला अर्क यांत फरक पडतो. शिवाय माणसाच्या रक्तात जेनिस्टीन बहुतांशी निष्क्रिय रूपात फिरतं. उंदरात त्याचं सक्रिय रूप जास्त असतं.

माणसांचं काय? शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या ५,०४२ महिलांचा अभ्यास डिसेंबर २००९ मध्ये ‘जामा’मध्ये आला. सोयापदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. टॅमोक्सिफेन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही गटांत. अर्थात, ही निरीक्षणं आहेत. सोया जास्त खाणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. त्यामुळे ‘सोया खा, कॅन्सर पळवा’ हा मेसेजही तितकाच चुकीचा.

मग घरी काय करायचं? जेवणातल्या सोयावड्या, टोफू, सोयादूध यांना घाबरण्याचं कारण नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही सोयापदार्थ सुरक्षित मानते. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी मिळणाऱ्या आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या ही वेगळी बाब आहे. उपचार सुरू असतील किंवा झाले असतील, तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका.

आणि फोडणीचं सोयाबीन तेल? रिफाइंड तेलात आयसोफ्लेव्होन जवळपास उरतच नाहीत.