टेस्टिंग बाहेर द्या, जबाबदारी घरातच ठेवा



ऑर्डर घेण्याचं ॲप तयार झालंय आणि टेस्टिंगसाठी दोन कोटेशन हातात आहेत. एक ६० हजारांचं, दुसरं ७२ हजारांचं. बहुतेक जण पहिल्याला हो म्हणतात. "सर, १२ हजार वाचले!" खरंच वाचले का? चला, हिशेब मांडू.

समजा, स्वस्तवाल्याने १०० बग नोंदवले. त्यातले ४० एकतर दोनदा लिहिलेले, नाहीतर नुसतं 'ॲप चालत नाही' एवढंच. कोणत्या मोबाइलवर, काय दाबल्यावर, याचा पत्ता नाही. प्रत्येकावर तुमच्या डेव्हलपरचा अर्धा तास गेला तर झाले २० तास. तासाला ८०० रुपये धरले तर १६ हजार. म्हणजे ६० हजारांचं काम पडलं ७६ हजारांना!

पण महाग म्हणजे चांगलंच, असंही नाही. मोठ्या बँकांचंही इथे चुकतं.

एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर हलवली. काम होतं मूळ मालक समूहाच्याच आयटी कंपनीकडे, आणि तिच्याखाली आणखी बरेच पुरवठादार. डेटा नीट गेला, पण यंत्रणा कोलमडली. लोकांना स्वतःची खाती उघडता येईनात. कामकाज पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. यंत्रणा दोन डेटा सेंटरवर चालणार होती, पण भार पेलण्याची चाचणी एकाच सेंटरवर झाली होती, हे नंतरच्या चौकशीत समोर आलं. २०२२ मध्ये नियामकांनी दंड ठोठावला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त. तो भरला कोणी? बँकेनं. काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर गेली नाही.

मग आपण काय करायचं?

१. 'हे बिघडलं तर धंदा बंद' अशी पाच गोष्टींची यादी करा. बिलाची रक्कम, जीएसटी, स्टॉक, नेट गेल्यावर अर्धवट राहिलेली ऑर्डर, यूपीआयने पैसे कापले पण ऑर्डर आली नाही. ही यादी तुम्हीच लिहा. तुमचा धंदा टेस्टरला माहीत नसतो.

२. या पाच गोष्टी अनुभवी माणसाकडे द्या, दर जास्त असला तरी. वेगवेगळ्या मोबाइलवर स्क्रीन नीट दिसते का, स्पेलिंग बरोबर आहे का, हे काम नवख्याकडूनही होतं. पैसे वाचवायचे ते इथे.

३. बगच्या संख्येवर पैसे देऊ नका. दिलेत तर चिल्लर बग मोजून येतील आणि मोठा तसाच राहील.

४. आधी आठवडाभराचं नमुना काम द्या, पैसे देऊन. तुम्हाला माहीत असलेल्या चार चुका ॲपमध्ये तशाच ठेवा. किती सापडल्या आणि कशा लिहून दिल्या ते बघा. कोटेशनपेक्षा यातून जास्त कळतं.

५. दुरुस्तीनंतरची फेरतपासणी कोटेशनमध्ये धरली आहे का, ते विचारा. एक बग काढताना दुसरा शिरतो. नंतर वेगळं बिल आलं की स्वस्ताई संपली.

६. ग्राहकांचे खरे नंबर आणि पत्ते टेस्टरला देऊ नका, बनावट डेटा द्या. डेटा संरक्षण कायदा, २०२३ सुद्धा हेच सांगतो: तुमच्या वतीने दुसऱ्याने डेटा हाताळला तरी जबाबदार तुम्हीच.

आणि शेवटची तपासणी आपल्या काउंटरवर करा. रोज बिल करणारा माणूस, त्याचा जुना मोबाइल आणि संध्याकाळची गर्दी. तो अडखळला की समजा, ॲप अजून तयार नाही.

आजचा गृहपाठ: ती पाच गोष्टींची यादी. आधी यादी, मग कोटेशन. भेटू पुढच्या व्हिडिओत!