मातीतलं औषध (भाग ७) : लाल इंजेक्शन आणि अर्जुनाची साल

गेल्या भागात पिंपरीच्या पेनिसिलिनची गोष्ट झाली. १९५४ साली उभी राहिलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली 'एच. ए. कंपनी', आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या डॉ. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीवर चालणारं हॅमायसिन शोधलं. ते तयार करणाऱ्या मातीतल्या जीवाणूचं नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे पिंपरी थेट जीवाणूच्या कुंडलीत जाऊन बसली!

याच गोत्रातला एक भाऊबंद इटलीच्या मातीत मिळाला. त्यालाही गावकीचंच नाव मिळालं, त्या मुलखाच्या जुन्या नावावरून 'प्यूसेटियस'. त्याच्यापासून आलं डॉक्सोरुबिसिन. केमोच्या वॉर्डात हे औषध न सांगता ओळखू येतं, कारण ते सरबतासारखं लालभडक असतं. सिस्टर सिरिंज घाईने रिकामी करत नाहीत. शेजारून सलाईन चालू ठेवतात आणि शिरेवर नजर ठेवून हळूहळू सोडतात, कारण शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. नंतर लघवीही लालसर होते. ते रक्त नव्हे, पण आधी सांगितलं नाही तर घरची माणसं हबकतात.

खरी भीती हृदयाची. हे औषध हृदयाच्या पेशींमधल्या लोहाशी जुळतं आणि घातक मुक्तकणांचा भडका उडतो. शिवाय डीएनएचा पीळ सोडवणारं एक विकर तिथे जायबंदी होतं. हृदयाच्या पेशी जवळपास नव्याने तयार होत नाहीत, त्यामुळे हिशेब आयुष्यभर साठत जातो. २००३ सालच्या एका विश्लेषणात एकूण मात्रा दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅम झालेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांचं हृदय निकामी होऊ लागलं होतं. ५५० वर तेच प्रमाण २६ टक्के. स्तनाच्या कर्करोगात नेहमीची चार आवर्तनं धरली तर बेरीज २४० होते.

आता चाकणला पाळीत काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न : "आईची केमो चालू आहे. अर्जुनाची साल दुधात उकळून दिली तर हृदय सांभाळेल ना? झाडपाल्याचंच आहे, अपाय काय होणार?"

क्षीरपाक आपल्याकडचा जुनाच. एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि दूध उरेपर्यंत आटवायचं. सालीतल्या टॅनिन-फ्लेव्होनॉइडमुळे मुक्तकण थोपतात, आणि डॉक्सोरुबिसिन दिलेल्या उंदरांच्या हृदयाची हानी अर्जुनाच्या अर्काने कमी झाल्याचं दिसलं आहे. पण उंदराला दिला तो मोजलेला अर्क, आणि आई म्हणजे उंदीर नव्हे. दुसरी अडचण मोठी. मुक्तकण विझवणारं द्रव्य गाठीलाही वाचवणार नाही कशावरून? आणि 'झाडपाल्याचं' म्हणाल, तर लाल इंजेक्शनही मातीतल्या जीवाणूचंच की.

या कामासाठी डॉक्टरांकडे डेक्सराझोक्सेन आहे, तेही सर्रास नाही, निवडक रुग्णांना. बाकी भिस्त टूडी एकोवर : केमोआधी एकदा, मग मधूनमधून. हृदय रक्त किती ताकदीने ढकलतं ते सांगणाऱ्या 'ईएफ' या आकड्याखाली रेघ मारून ठेवा आणि पुढच्या वेळी तो घसरलाय का पाहा. सालीची पुडी सुरू केलीच असेल तर लपवू नका. फाईलसोबत तीही टेबलावर ठेवा.

पुढच्या भागात हॅमायसिन.