पत्र्याचं वॅक्स, प्लास्टिकची गाडी

ऑक्टोबर २०२३ संपता संपता मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि काळी-पिवळी निवृत्त झाली. तेव्हा स्टिअरिंगजवळच्या गिअरबद्दल, टपावरच्या कॅरिअरबद्दल, आतल्या रंगीबेरंगी सीट कव्हरांबद्दल बरंच लिहून आलं. गाडी घासून-पुसून चमकवण्याचा ज्यांना नाद आहे त्यांना मात्र तिची आणखी एक गोष्ट आठवावी. ही गाडी बाहेरून जवळपास सगळी पत्र्याची. बंपर पोलादी आणि त्यांवर क्रोमचा मुलामा. पॉलिशचा डबा उघडून बॉनेटपासून डिकीपर्यंत कुठेही हात फिरवा, बिघडायचं काही नाही. काचेभोवतीच्या रबराला लागलं तर ते पांढुरकं व्हायचं, पण ती पट्टी बोटभर रुंदीची. तिच्याकडे बघतो कोण?

त्या काळातलं पॉलिशही त्या गाड्यांना साजेसंच होतं. रंग एनॅमलचा, वर क्लिअर कोट नाही. दोन उन्हाळे गेले की वरचा थर मरायचा, हात लावला तर बोटाला भुकटी. म्हणून पॉलिशने आधी मेलेला रंग खरवडायचा आणि मग चमक द्यायची, अशी दुहेरी अपेक्षा असे. फडक्यावर गाडीचाच रंग उतरला की पुसणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटायचं. हे खरवडणं जमावं म्हणून डब्यातल्या मिश्रणात मेणाबरोबर बारीक भुकटी घातलेली असे: चिनी माती, ॲल्युमिना, सिलिका अशांपैकी काहीतरी. हे सगळं एकजीव राहावं म्हणून रंगाऱ्यांच्या टर्पेंटाइनच्या जातीचा द्रव. कोलकात्याच्या वॅक्सपोलचा डबा असो की कुणी परदेशातून आणलेली बाटली, तत्त्व एकच.

मेण म्हणजे बहुतेक वेळा कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये, पियाउई आणि सिआरा या कोरड्या राज्यांत, एक ताड वाढतो. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपल्या पानांवर मेणाचा थर धरतो. पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि गळून पडलेल्या पापुद्र्यांपासून मेण बनवतात. ते ८२ ते ८६ अंशांच्या आसपास वितळतं. वनस्पतिजन्य मेणांत इतकं कडक मेण क्वचितच सापडेल. तेच बुटाच्या पॉलिशमध्ये, तेच लाकडी फर्निचरवर, तेच गाडीवर. अमेरिकेतल्या मेग्वायर्सने १९०१ मध्ये सुरुवात केली ती फर्निचर पॉलिशपासूनच. थोडक्यात, गाडीचं वॅक्स हा मुळात गुळगुळीत, भरीव पृष्ठभागासाठी जमवलेला मसाला. खडबडीत, दाणेदार काळ्या प्लास्टिकशी गाठ पडेल असं तो जमवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ती गाठ पडायला सुरुवात झाली १९७२ च्या सुमारास. फ्रान्समध्ये रेनॉ ५ ही छोटी गाडी प्लास्टिकचे बंपर घेऊन आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बंपरने ताशी पाच मैलांची धडक सोसली पाहिजे असा नियम लागू झाला आणि एमजीबीसारख्या देखण्या ब्रिटिश गाडीच्या तोंडावर १९७४ पासून काळा जाडजूड बंपर चढला. पुढे पॉलिप्रॉपिलीनने हे काम आणखी स्वस्त केलं. हलकं, गंजत नाही, साच्यातून एका फटक्यात निघतं, रंगवायचा खर्च नाही. साच्यातून काढलेल्या मोठ्या भागावर लहानसहान खळगे दिसतात, ओरखडेही लगेच उठतात. ते लपावेत म्हणून वर मुद्दाम चामड्यासारखा दाणा उठवायचा. कारखान्याला सोय झाली आणि वॅक्सला लपायला हजारो खाचा मिळाल्या.

आपल्याकडे हे मारुतीबरोबर घरोघरी आलं. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली. १९८६ मध्ये गाडीचा आकार बदलला आणि पुढची कित्येक वर्षं गल्लोगल्ली दिसलेली, न रंगवलेल्या बंपरची ती ८०० रुळली. गॅरेजवाल्यांनी त्या बंपरला लगेच ‘फायबर’ म्हणायला सुरुवात केली. फायबरचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण आजही डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात ‘फायबर गेलंय’ म्हटलं की बंपर फुटला एवढंच समजायचं.

मग दसरा आला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी धुणं, पॉलिश करणं, दुसऱ्या दिवशी हळद-कुंकू आणि झेंडूचा हार, हा रिवाज स्कूटरपासून ट्रकपर्यंत सगळ्यांचा. जुन्या सवयीने पॉलिशचा हात बॉनेटवरून घसरत बंपरवर जाई आणि वाळल्यावर तिथे पांढरे फराटे उमटत. धुतलं की गायब, सुकलं की पुन्हा हजर. भुताटकी वाटावी असं, पण कारण साधं आहे. दाण्यांच्या खाचांत अडकलेला मेणाचा आणि भुकटीचा चुरा उजेड चारी दिशांना विखुरतो, म्हणून पांढरा दिसतो. पाण्याने त्या फटी भरल्या की विखुरणं थांबतं आणि काळं पुन्हा काळं दिसतं. म्हणजे धुतल्याने डाग जातच नाही, फक्त दिसेनासा होतो. पावसाळ्यात ही फसवणूक चार महिने चालते. ऑक्टोबरच्या उन्हात खरं काय ते कळतं.

उपाय मात्र माणसांनी भरपूर शोधले, आणि हा या गोष्टीतला सर्वांत गमतीचा भाग. काळं बूटपॉलिश चोळणारे होते. खोबरेल तेल लावणारे होते. ते दोन दिवस छान दिसे आणि तिसऱ्या दिवशी रस्त्याची सगळी धूळ त्यावर. डिझेलचा बोळा फिरवणारे ट्रकवाले तर सगळीकडे. कुणी खोडरबराने खोडत बसे, आणि ते थोडंफार चालतंही. अमेरिकेत लोक यासाठी शेंगदाण्याचं लोणी चोळत: तेल मेण सैल करतं आणि दाण्यांचा रवाळपणा ते उकरून काढतो. शास्त्र पक्कं आहे, पण बंपरला शेंगदाण्याचा वास येणारी गाडी आपल्याकडे घुशी-उंदरांपासून कशी वाचवायची, तेवढंच सांगायचं राहून जातं.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर असं वाटू लागलं की हा प्रश्न आपोआप मिटणार. बंपर गाडीच्याच रंगात येऊ लागले. निदान वरच्या मॉडेलांना तरी. काळा बंपर म्हणजे बेस मॉडेल, हे समीकरण इतकं घट्ट होतं की साधी गाडी घेऊन बाहेरून बंपर रंगवून घेणारे लोक होते. आरसे रंगीत, दाराची हँडल रंगीत. रंगवलेलं प्लास्टिक वॅक्सच्या दृष्टीने पत्र्यासारखंच गुळगुळीत, तिथे तक्रार नाही. उरली ती वायपरखालची जाळी, दारावरची बीडिंग आणि आरशाचं बूड.

याच काळात आणखी एक बदल झाला आणि त्याकडे लक्ष जायला हवं तितकं गेलं नाही. मेटॅलिक रंग आणि त्यांवरचा पारदर्शक क्लिअर कोट सर्रास झाले. आता फडक्यावर रंग उतरत नव्हता आणि खरवडायचंही काही नव्हतं. नव्या गाडीला त्या भुकटीची गरजच संपली होती. पण ‘क्लीन करतं आणि चमकवतंही’ हे बिरुद डब्यांवर राहिलं, कारण गिऱ्हाइकाला दोन कामं एका डब्यात हवी होती. माझ्या मते डागांची खरी चूक इथे आहे, प्लास्टिकमध्ये नाही.

आणि मग प्लास्टिक परत आलं, पण या वेळी वाजतगाजत. २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट आली, खालून सगळीकडे काळा पट्टा लेऊन. लगोलग साध्या हॅचबॅकनाही तोच साज चढला: क्रॉस पोलो, इटिऑस क्रॉस, आय-२० ॲक्टिव्ह. २०१५ ची क्विड तर स्वस्त गाडी असूनही चाकांवर काळी कड मिरवत आली. पुढे ब्रेझा, रांजणगावात बनणारी नेक्सॉन, २०२१ ची पंच. ज्या काळ्या प्लास्टिकमुळे वीस वर्षांपूर्वी नाक मुरडलं जायचं, त्याचंच ‘क्लॅडिंग’ झालं आणि ते एसयूव्हीपणाची खूण ठरलं. काही ठिकाणी जास्त पैसे मोजून मिळू लागलं. परदेशात हे आधीच होऊन गेलं होतं. २००१ मध्ये आलेल्या शेवरले ॲव्हलांचच्या दोन्ही बाजूंचं प्रचंड राखाडी प्लास्टिक उन्हाने विटायचं, त्यावर इतकी ओरड झाली की त्याशिवायचीही गाडी विकायला काढावी लागली. आपल्याकडे तो धडा कुणी घेतला नाही. घ्यायचं कारणही नव्हतं, कारण गाड्या हातोहात खपत होत्या.

आता बीडिंग वाचवण्याइतका हा प्रश्न किरकोळ उरला नाही. वॅक्स लावताना दर वीतभर अंतरावर काठ येऊ लागला. बाजारानेही जुळवून घेतलं. सिंथेटिक पॉलिमरची द्रव वॅक्सं आली, फवारून पुसायची वॅक्सं आली, मग सिलिकायुक्त स्प्रे आणि सिरॅमिक कोटिंग. बाटल्यांवर ‘प्लास्टिकवर पांढरं उरत नाही’ असं छापलं जाऊ लागलं. हे वाक्य शेवटपर्यंत वाचावं. परदेशी बाटल्यांवर कधीकधी पुढे ‘दाणेदार नसलेल्या’ असं विशेषण असतं, आणि आपलं क्लॅडिंग नेमकं दाणेदार असतं.

दुकानात उभं राहून निवडायचं तर मी ब्रँडआधी तीन गोष्टी बघतो. डब्यावर ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलंय का? असेल तर क्लॅडिंगवाल्या गाडीसाठी तो ठेवून द्यावा. जुन्या, मळलेल्या रंगासाठी तो चांगला आहे, पण त्यात भुकटी आहे. वाळल्यावर पांढरी साय धरणारं आहे की पारदर्शक राहणारं? साय धरणारं वॅक्स पुसायला सोपं, कारण कुठे राहिलं ते दिसतं. पण तेच खाचांतही दिसतं. आणि पेस्ट की फवारा? पेस्ट टिकते जास्त, फवारा चुकून प्लास्टिकवर गेला तरी माफ करतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात पेस्टचा टिकाऊपणाही फार दिवस पुरत नाही, त्यामुळे क्लॅडिंग भरपूर असेल तर मी फवाऱ्याच्या बाजूने आहे. पेस्टच हवी असेल तर आधी प्लास्टिकवर ट्रिम ड्रेसिंगचा हात द्यावा, म्हणजे खाचा भरलेल्या राहतात आणि वॅक्सला पकड मिळत नाही. रंगाऱ्यांची मास्किंग टेप त्याहून खात्रीची. मशीनने बफिंग होत असेल तर टेपला पर्यायच नाही, कारण पॅडवरून शिंतोडे उडतात.

काढायच्या आधी पांढरं नेमकं कसलं आहे तेही बघावं, कारण सगळ्याचा आळ वॅक्सवर येतो. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या गाडीवर गोल कडांचे ठिपके असतात. तो क्षार, पातळ केलेल्या व्हिनेगरने जातो, आणि व्हिनेगर वॅक्सचं काही बिघडवत नाही. वरच्या बाजूला, जिथे ऊन थेट पडतं तिथे, सारखाच राखाडीपणा असेल तर प्लास्टिकच विटलंय. फराटे आणि काठालगतची रेघ म्हणजे वॅक्स. त्यावर सर्जिकल स्पिरिट आणि मऊ टूथब्रश, सावलीत, थोडं थोडं. जादूचा म्हणून विकला जाणारा पांढरा स्पंज डाग काढतो, पण तो मुळात बारीक सँडपेपर आहे. दाणाही घासून नेतो आणि मग तिथे कायमचा गुळगुळीत चकाकता ठिपका.

गेल्या काही वर्षांत गाड्यांच्या खांबांवर आणि जाळ्यांवर चकचकीत काळं प्लास्टिक येऊ लागलंय, पियानो ब्लॅक म्हणतात ते. त्यावर वॅक्स अडकत नाही, उलट शोभतं. पण कोरड्या फडक्याचा एक हात फिरला की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. रोज पहाटे सोसायटीत एकच बादली आणि एकच फडकं घेऊन वीस गाड्या पुसणाऱ्याला हे कसं सांगायचं, यावर अजून कुठल्याही कंपनीची बाटली आलेली नाही.