फरशीखाली गुदमरलेली माती

जून महिन्यातला पहिला जोराचा वारा-पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात कुठे ना कुठे रस्त्यावर आडवे पडलेले झाड दिसते. येणारे-जाणारे म्हणतात, "काल वाराच फार होता!" मग अग्निशामक दलाचे लोक येतात, फांद्या तोडतात आणि थोड्या वेळात रस्ता मोकळा होतो.

पुढच्या वेळी असे झाड दिसले तर सुरक्षित अंतरावरून त्याच्या मुळांकडे जरूर पाहा. पुष्कळदा मुळे खोल गेलेली नसतात. ती एखाद्या परातीसारखी पसरट, उथळ असतात आणि फरशी तर थेट बुंध्याला येऊन भिडलेली असते. मग झाड पाडले ते फक्त वाऱ्यानेच का? वाऱ्याने शेवटचा धक्का दिला, हे खरे; पण झाड दुबळे का झाले होते, याचे उत्तर आपल्याला मातीत शोधावे लागेल.

निम्मी माती, निम्मी पोकळी

माती म्हणजे भरीव वस्तू, असा आपला समज असतो. तो बरोबर आहे का, हे साध्या हिशेबाने पाहू.

मातीचे कण मूळ खडकापासून झालेले असतात. अशा कणांची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.६५ ग्रॅम असते. म्हणजे माती अगदी भरीव असती, तर एक लिटर मातीचे वजन २.६५ किलोग्रॅम भरले असते. पण बागेतली चांगली, भुसभुशीत माती वाळवून तोलली तर एक लिटरचे वजन साधारण १.३ किलोग्रॅमच्या आसपास भरते. याचा अर्थ काय? निम्मी जागा कणांनी व्यापलेली आहे आणि उरलेली निम्मी चक्क रिकामी आहे!

ही रिकामी जागा वाया गेलेली नाही. बारीक पोकळ्यांत पाणी धरून ठेवले जाते आणि मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते. झाडे प्राणवायू देतात हे तुम्ही शिकला आहात. पण मुळांना स्वतःच्या श्वसनासाठी प्राणवायू लागतोच, आणि तो त्यांना मातीतल्या या पोकळ्यांतूनच मिळतो. एक ग्रॅम मातीत राहणाऱ्या कोट्यवधी जीवाणूंपैकी पुष्कळांना, तसेच बुरशीला आणि गांडुळांनाही हवा हवीच.

आता त्याच मातीवरून दररोज माणसे चालली, मोटारी गेल्या, रोडरोलर फिरला, तर काय होईल? कण एकमेकांजवळ दाबले जातील. एक लिटरचे वजन १.७ किलोग्रॅमपर्यंत गेले की पोकळी ३६ टक्क्यांवर येते. आणि पहिल्यांदा नाहीशा होतात त्या नेमक्या मोठ्या, हवेच्या पोकळ्या! इतक्या घट्ट मातीत मुळांना शिरणे फार कठीण जाते. मग ती हवेच्या शोधात वरवरच पसरतात. परातीसारख्या मुळांचे एक मोठे कारण हे आहे.

शहरातल्या मातीची चार दुखणी

दबणे हे पहिले दुखणे. दुसरे, झाकले जाणे. फरशी, डांबर किंवा सिमेंट काँक्रीट आले की पाणी आत मुरत नाही. १०० चौरस मीटरच्या अंगणावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी जमते. म्हणजे २०० लिटरची २५ पिंपे! माती मोकळी असेल तर त्यातला मोठा भाग मुरतो. अंगण झाकलेले असेल तर जवळजवळ सगळे पाणी गटाराकडे धावते.

तिसरे दुखणे उपासमारीचे. जंगलात पडलेले पान तिथेच कुजते आणि मातीला परत मिळते. शहरात आपण ते झाडून नेतो, कधी जाळतोही. मातीतल्या जीवांचे जेवणच आपण उचलून नेतो म्हणा ना! चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. इंग्लंडमध्ये कित्येक ठिकाणी एक एकर जमिनीतली गांडुळे वर्षाकाठी दहा टनांहून अधिक माती आपल्या शरीरातून जाऊ देतात, असा अंदाज त्याने त्यात मांडला. असा फुकट नांगर आपण खाणे तोडून घालवतो.

चौथे दुखणे भेसळीचे आणि विषाचे. घर बांधताना वरचा वीतभर सुपीक थर खरवडून टाकला जातो आणि त्या जागी विटांचे तुकडे, सिमेंट, मुरूम यांचा भराव येतो. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात; ती एका दुपारी ट्रकमधून निघून जाते. रस्त्याकडेच्या मातीत शिसेही असू शकते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. पण शिसे हे मूलद्रव्य आहे, ते कुजून नाहीसे होत नाही. म्हणून जुन्या रहदारीच्या रस्त्यालगत पालेभाज्या लावू नयेत आणि माती हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

करून पाहा

दोन्ही बाजूंनी उघडा असा, सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. कडा धारदार असतात, म्हणून डबा मोठ्या माणसांकडून कापून घ्या. तो मातीत ५ सेंटिमीटर रोवा. आधी ४५० मिलिलिटर पाणी ओतून माती भिजू द्या. ते मुरल्यावर पुन्हा तेवढेच पाणी ओता आणि पूर्ण मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. (या डब्यात ४५० मिलिलिटर पाणी म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर पाऊस. हे कसे, ते वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून स्वतः पडताळा.)

हाच प्रयोग तीन ठिकाणी करा: पालापाचोळा साठलेल्या जुन्या झाडाखाली, खेळाच्या मैदानावर आणि सगळे ये-जा करतात त्या पायवाटेवर. तिन्ही वेळा वहीत लिहून ठेवा. एकाच आवारातल्या मातीत इतका फरक कसा, असा प्रश्न तुम्हाला पडल्याशिवाय राहणार नाही.

कचऱ्यावर उभे राहिलेले रान

बिघडलेली माती सुधारते का? मुंबईत याचे एक बोलके उदाहरण आहे. धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी एकेकाळी शहराचा कचरा टाकला जाई. १९७०च्या दशकात ही जागा वापरातून गेली, तेव्हा तिथे रान उभे राहील असे कोणाला वाटले असते? १९८३ साली प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी तिथे पहिले झाड लावले. १९९४ साली सुमारे ३७ एकरांचे हे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. पहिल्या झाडापासून तिथवर ११ वर्षे लागली, हे लक्षात ठेवा. जमीन बरी होते, पण सावकाश. बिघडवण्याइतके ते झटपट काम नाही.

आपण काय करू शकतो?

पहिला उपाय म्हणजे बुंध्याभोवतीची जागा मोकळी करणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांबाबत, बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. हे काम हलक्या हाताने करायचे असते, कारण पहारीचा घाव मुळांवर बसला तर उपाय अपायाहून वाईट ठरतो. म्हणून ते जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे.

दुसरा उपाय आच्छादनाचा. मोकळ्या केलेल्या जागेत कुजलेल्या कंपोस्ट खताचा पातळ थर द्या आणि त्यावर चार बोटे जाडीचा वाळला पाला पसरा. बुंध्याला मात्र पाला टेकू देऊ नका, वीतभर अंतर सोडा. नाहीतर ओलाव्याने साल कुजते. पाला कुजू लागला की खालचे जीव कामाला लागतात आणि माती आतूनच सैल होऊ लागते.

तिसरा उपाय, त्या जागेवर पाय न देण्याचा. चार विटा उभ्या रोवल्या तरी कुंपण होते. पावसात ओल्या मातीवरून तर मुळीच चालू नका, कारण ओली माती सर्वांत लवकर दबते.

आणि चौथा उपाय, जो सर्वांत स्वस्त आहे: असलेली माती राखणे. तुमच्या शाळेत किंवा सोसायटीत नवे बांधकाम होणार असेल, तर वरचा मातीचा थर आधी बाजूला काढून, झाकून ठेवावा आणि शेवटी बागेत परत पसरावा, असे सुचवा.

सगळीच फरशी वाईट, असे मात्र समजू नका. पावसाळ्यात चिखलात पाय घसरू नये, म्हणून वाट बांधावी लागतेच. प्रश्न एवढाच, की वाटेपुरती फरशी पुरत असताना सारे अंगण का झाकायचे?

तुमच्या शाळेच्या आवारात असा विचार चालू असेल, तर डब्याच्या प्रयोगाची वही घेऊन सरांकडे किंवा बाईंकडे जा. मैदानावर पाणी मुरायला किती मिनिटे लागली, झाडाखाली किती लागली, ते आकडे दाखवा. गुरुजनांनीही हा प्रयोग वर्गाला बरोबर घेऊन एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पाला पसरल्यानंतर वर्षाने करावा. दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले, की माती किती सुधारली हे मुले स्वतःच सांगतील.