कामावरून सुटलेला घोडा

२०२४च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूलजवळ एन्ट्रीला ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत झाली, तेव्हा ४०ऐवजी जास्तीत जास्त ३४ घोड्यांनाच प्रवेश होता. पहिला अडथळा ६० यार्ड अलीकडे घेतला होता. तिथं पोचेपर्यंत घोड्यांनी बेफाम वेग घेऊ नये, हा हेतू. त्याआधी, २०१२च्या शर्यतीत सिंक्रोनाइज्ड आणि अकॉर्डिंग टू पीट हे दोन घोडे दगावले होते. पुढच्या वर्षी अडथळ्यांच्या पोटातलं कडक लाकूड काढून तिथं वाकणारं प्लास्टिक बसवलं गेलं. घोड्याच्या डोळ्याला नारिंगी रंग हिरव्यापासून नीट वेगळा दिसत नाही, हे संशोधकांनी दाखवल्यावर अडथळ्यांवरच्या नारिंगी पट्ट्या पांढऱ्या करण्यात आल्या. चाबकाचे फटकेही मोजून ठरले. २०२३पासून ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत ७ आणि सपाट शर्यतीत ६ ही मर्यादा आहे. मर्यादेपेक्षा ४ फटके जास्त पडले, तर घोडा बाद.

हे वाचून संपादकांनी विचारलं, आपल्या मुंबईत घोड्यासाठीचे नियम कसे बदलत गेले, ते लिहाल का? महालक्ष्मीला शर्यती होतात, पण सपाट मैदानावर. तिथं घोडा उड्या मारत नाही, आणि तिथल्या घोड्यांना स्वतःचे डॉक्टर आहेत, सईस आहेत, मालक आहेत. ज्यांना यातलं फारसं काही नव्हतं, ते घोडे शंभराहून अधिक वर्षं एकाच दारात येत राहिले. म्हणून मी परळला गेले.

परळ हे दवाखान्यांचं गाव. केईएम, टाटा, वाडिया सगळे हाकेच्या अंतरावर. त्यांच्या शेजारीच डॉ. एस. एस. राव रस्त्यावर बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. लालबाग-परळमध्ये पत्ता विचारताना एवढं लांब नाव कुणी घेत नाही. ‘बैलघोडा’ म्हटलं की लहान पोरही वाट दाखवतं. आज आत गेलं तर रांगेत कुत्री-मांजरंच जास्त दिसतात. कुणी पिशवीत कबुतर घेऊन आलेलं असतं, कुणी शेळी. पण दवाखाना बांधला गेला तो बैल आणि घोड्यासाठी, कारण त्या काळी मुंबई ओढत होते ते हे दोघे.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. ९ मे १८७४ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी, तिकीट तीन आणे. ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते, असं सांगतात. त्याच १८७४मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पुढाकारानं प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत उभी राहिली, आणि १८८३मध्ये तिच्या रुग्णालयाचा पाया पडला. महालक्ष्मीचं रेसकोर्सही १८८३चंच. १८८६मध्ये रुग्णालयाच्या आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. म्हणजे घोड्याला जुंपणारी कंपनी, त्याला पळवणारं मैदान, त्याला बरं करणारा दवाखाना आणि त्याचं शास्त्र शिकवणारं कॉलेज, हे सगळं या शहरात बारा वर्षांत उभं राहिलं.

भुलेश्वरची पांजरापोळ त्याहून जुनी, १८३४ची. पण पांजरापोळ म्हणजे म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या जनावरांचा आसरा. बैलघोड्याचं काम वेगळं होतं. जखमी जनावर आत घ्यायचं, बरं करायचं आणि परत पाठवायचं. हे परत पाठवणं या लेखात पुन्हा येईल, कारण सगळी गोची तिथंच आहे.

घोड्याला बरं करणं का अवघड असतं, हे समजायचं तर त्याचा खूर पाहायला हवा. परळच्याच एका गल्लीत वरातीच्या घोड्याला नाल ठोकताना मी एका नालबंदाला पाहिलं आणि बराच वेळ तिथून हलले नाही. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून तो वाकला, पुढचा पाय उचलून त्यानं दोन मांड्यांत धरला. आधी जुन्या नालेच्या खिळ्यांची वळलेली टोकं सरळ केली, मग पकडीनं नाल अलगद सोडवली. खुराची वाढलेली कड कापली, सुरीनं तळवा साफ केला, कानशीनं घासून सपाट केला. नवी नाल लावून पाहिली, काढली, ऐरणीवर दोन घाव घालून जराशी आत वाकवली, पुन्हा लावून पाहिली. या कामात पायाला नालेच्या मापाचं करत नाहीत. नालेलाच पायाच्या मापाचं करावं लागतं.

मग खिळे. खुराची बाहेरची भिंत मेलेल्या शिंगाची असते, आपल्या नखासारखी. तिच्यात खिळा गेला तर घोड्याला काही कळत नाही. पण काही मिलिमीटर आत जिवंत मांस असतं. खिळ्याचं टोक एका बाजूनं तासलेलं असतं, त्यामुळे ठोकताना ते बाहेरच्या अंगाला वळतं आणि खुराच्या भिंतीतून वर निघतं. नालबंद हातोडीच्या आवाजावर आणि हाताला लागणाऱ्या अटकावावर लक्ष ठेवून होता. खिळा मऊ लागला की थांबायचं, काढायचा, दुसरीकडे ठोकायचा. एक खिळा त्यानं तसाच काढला. घोड्यानं कान मागे घेतले होते, ते मला दिसलं नव्हतं, त्याला दिसलं होतं.

खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी हे सगळं पुन्हा करावं लागतं, घोड्याला काम असो वा नसो. शर्यतीच्या घोड्याला हलकी ॲल्युमिनियमची नाल लागते, डांबरावर चालणाऱ्याला लोखंडाची. डांबरी रस्त्यावर प्रत्येक पावलाचा हादरा खुरातून वर सांध्यापर्यंत जातो. मातीत तो मातीच पिते.

आणि हा सगळा भार, चारपाचशे किलोंचा, घोडा एकेका बोटावर पेलतो. त्याचा खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. एक पाय मोडला की त्या पायाचं वजन जोडीच्या दुसऱ्या पायावर जातं. आठवडा-दोन आठवडे तसं राहिलं की चांगल्या पायाच्या खुरातलं मांस सुजतं आणि आतलं हाड शिंगापासून सुटायला लागतं. मोडलेला पाय जुळून येत असतानाच धडका पाय जातो. म्हणून घोड्याला पोटाखालून पट्टे घालून टांगून ठेवावं लागतं. नुसतं झोपवून ठेवता येत नाही, कारण फार वेळ आडवा पडला तर त्याच्याच वजनानं त्याचे स्नायू आणि फुप्फुसं दबतात. पोटाचंही तसंच. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे साधी पोटदुखी रात्रीत जिवावर बेतू शकते. एवढा बलदंड प्राणी इतका नाजूक असेल, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्यावर बैलघोडा दवाखान्याबद्दलचा आदर दुणावला.

आता नियमांकडे वळू. १९६०चा प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा आणि त्याखालचे १९६५चे ओझ्याच्या जनावरांचे नियम वाचले, तर लिहिणाऱ्यांना घोडा माहीत होता हे जाणवतं. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर गेला असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. काटेरी लगाम नाही. गाडीला किती ओझं, तेही किलोत. आणि कलम ३५ दवाखान्यांबद्दल आहे. छळ झालेलं जनावर दंडाधिकारी दवाखान्यात ठेवायला सांगू शकतो. किती दिवस? ते त्याचं नेहमीचं काम करायला लायक होईपर्यंत, किंवा दुसऱ्या कारणानं सोडण्याजोगं होईपर्यंत. बरंच होणार नसेल तर पांजरापोळ, किंवा पशुवैद्याच्या दाखल्यावर मरण. उपचाराचा खर्च मालकाचा.

हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. घोडा बरा झाला कधी म्हणायचं, तर कामाला लागला की. हे लिहिणारे निष्ठुर नव्हते. कामाच्या घोड्याला मालक असतो, मालकाला कमाई असते, कमाईतून चंदी येते, खरारा होतो, नालबंद येतो. काम हीच घोड्याच्या पोटाची हमी होती, आणि कायदा त्या हमीवर उभा होता.

ट्रामचे घोडे गेले. ७ मे १९०७ला विजेची ट्राम धावली. टांगे गेले. उरल्या व्हिक्टोरिया या घोड्यांच्या बग्ग्या. नरिमन पॉइंट, गेट वे, गिरगाव चौपाटीच्या कडेनं मरीन ड्राइव्हवर चांदीसारखा पत्रा आणि रंगीत दिवे लावून त्या पर्यटकांना फिरवत. घोड्यांची हाडं दिसत, पाणी वेळेवर मिळत नसे, तबेल्यांना परवाने नव्हते. प्राणिमित्र संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ८ जून २०१५ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ए. के. मेनन यांच्या खंडपीठानं निकाल दिला: मौजेसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा आहेत, एका वर्षात बंद करा, आणि गाडीवानांचं पुनर्वसन सरकारनं करावं. पुढं सरकारनं गाडीवानांसाठी रोख मदत किंवा फेरीवाल्याचा परवाना असा तोडगा काढला. मार्च २०२१मध्ये विजेवर चालणाऱ्या, व्हिक्टोरियासारख्या दिसणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या.

निकाल योग्य होता, असंच मी म्हणेन. उन्हात, गर्दीत, कानठळ्या बसवणाऱ्या हॉर्नमध्ये मौजेखातर घोडा पळवणं थांबलं, हे बरंच झालं. पण गाडीवानाच्या पुनर्वसनाचा हिशेब रुपयांत मांडता आला. घोड्याचा तसा मांडता येत नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. त्याला रोज गवत लागतं, चंदी लागते, जागा लागते, महिना-दीड महिन्यानं खुराची देखभाल लागते. नेहमीचं कामच बंद झालेला घोडा दवाखान्यातून बरा होऊन जाणार कुठं?

व्यवहारात घोडे विकले जातात. कुणी वरातीत, कुणी समुद्रकिनाऱ्यावर पोरांना फिरवायला, कुणी डोंगरावर, कुणी दूरच्या बाजारात. शहराच्या नजरेआड गेलेला घोडा शहराच्या नियमाआडही जातो. मरीन ड्राइव्हवर हाडं दिसली तर दहा लोक फोटो काढून तक्रार करत. वरातीचा घोडा लग्नसराईत रात्री बँड-फटाक्यांमध्ये उभा असतो आणि सरली की कुठल्याशा पडवीत बांधलेला असतो. त्याची तक्रार करणारा तिथं कुणी नसतो. आणि केली तरी? १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. २०२२मध्ये हा कायदा बदलण्याचा मसुदा लोकांपुढं ठेवला गेला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या. ते ५० रुपये अजून तिथंच आहेत. या रकमेत घोड्याची एक वेळची चंदी होणार नाही.

रेसकोर्सचंही चित्र पालटतंय. महालक्ष्मीच्या जागेचा भाडेपट्टा २०१३मध्ये संपला होता. २०२४मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर जमीन उद्यानासाठी महापालिकेकडे आली आणि ९१ एकर रेसकोर्सकडे राहिली. दाटीवाटीच्या मुंबईला मोकळी जागा हवी, यात वाद नाही. पण शर्यतीचा घोडा पाच-सात वर्षांचा झाला की बहुधा निवृत्त होतो आणि त्याचं दोन-तृतीयांशांहून अधिक आयुष्य पुढं उरलेलं असतं. त्याच्या त्या आयुष्याचाही आराखडा हवा. ब्रिटनमध्ये २०२२पासून शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या नोंदीत तो माणसाच्या खाण्यासाठी कापला जाणार नाही, असं लिहावं लागतं. शर्यतीनंतरच्या घोड्याबद्दल केलेला हा नियम मला कमी झालेल्या फटक्यांहून मोलाचा वाटतो.

आणखी एक अडचण हळूहळू वाढते आहे. घोडे कमी झाले की घोडा जाणणारी माणसंही कमी होतात. डॉक्टरच्या हाताखालून रोज कुत्री-मांजरं जातात, घोडा क्वचित. नालबंदाच्या पोरानं हा धंदा का घ्यावा? हातोडीच्या आवाजावरून खिळा ओळखणारा हात पुस्तकातून तयार होत नाही. तो गेला, की उरलेल्या घोड्यांचे पाय चुकीच्या नालेनं बिघडतील, आणि ते दुखणं घेऊन ते पुन्हा परळच्या दारात येतील.

एन्ट्रीच्या लोकांनी पडणाऱ्या घोड्यांकडं पाहून अडथळा बदलला, नुसत्या घोडेस्वारांना सूचना देऊन थांबले नाहीत. आपल्यालाही तेच करावं लागेल. घोड्याचं एखादं काम बंद करणारा प्रत्येक आदेश निघताना त्यातच लिहिलेलं असावं, की हे घोडे कुठं राहतील, त्यांच्या चंदीचा खर्च कोण देईल आणि त्यांचे खूर कोण सांभाळेल. घोड्यांची नोंद असावी, गाडीवानांची असते तशी. बैलघोड्यासारख्या दवाखान्यांना मोठ्या जनावरांसाठी वेगळा निधी असावा, आणि पशुवैद्यकीय कॉलेजात नालबंदीचा अभ्यासक्रम चालावा. कलम ३५मध्ये कामाला लायक होण्याच्या जोडीला निवृत्तीचाही मार्ग हवा. १८७४च्या मुंबईनं घोड्याला जुंपलं त्याच वर्षी त्याच्यासाठी संस्थाही काढली होती. आजची मुंबई त्याहून कितीतरी श्रीमंत आहे. सोडलेल्या घोड्याला सांभाळण्याची जबाबदारी तिनं घ्यावी, ही मागणी मोठी नाही.