भाद्रपदातील डोंगरमाथे आणि आपला कॅमेरा

श्रावणाची झड ओसरून घरोघरी गणेशाच्या आगमनाची तयारी सुरू झाली, की सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षातील सर्वांत मोलाचे आठवडे सुरू होतात. थंड प्रदेशांत ज्याला उन्हाळ्याचा उत्तरार्ध म्हणतात, तोच हा काळ. युरोपातील किंवा हिमालयापलीकडील पर्वतांवर या दिवसांत हिवाळी बर्फ वितळून वाटा मोकळ्या होतात; आपल्याकडे ढगांचा जाड पडदा विरळ होऊन काळा कातळ फुलांनी झाकला जातो. कारणे निराळी, परंतु परिणाम एकच. पर्वतांचे रूप डोळे भरून पाहावे व चित्रात साठवावे, असे हे दिवस असतात.

आज कॅमेरा ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. बहुतेक कुटुंबांत तो मोबाइलच्या रूपाने आहेच. तेव्हा डोंगरावर गेल्यावर आपण छायाचित्रे काढणार, हे गृहीत धरूनच दोन गोष्टींचा विचार करू या : चित्र चांगले कसे येईल, आणि ते काढताना, त्याचप्रमाणे काढल्यानंतर, त्या डोंगराचे आपल्याकडून काय होईल.

काचेवर उमटलेला हिमालय

पर्वतांचे छायाचित्रण एके काळी किती कष्टाचे होते, हे सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराच्या प्रवासांवरून दिसून येते. १८६३, १८६४ आणि १८६६ अशा तीन वर्षी तो हिमालयात हिंडला. त्या काळी फिल्म नव्हती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि थर वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढावयाचे, अशी सारी रीत होती. काचा, रसायने, तंबू व अन्नसामग्री वाहण्यासाठी हमालांचा मोठा तांडाच बरोबर न्यावा लागे. अशा साधनांनिशी १८६६ मध्ये बोर्नने स्पिती व किन्नौर यांच्यामधील मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, छायाचित्रे घेतली.

या हकिकतीत आपल्यासाठी एक बोध आहे. एकेका काचेचे मोल एवढे असल्यामुळे बोर्नला आधी पाहावे लागे, थांबावे लागे, जागा निवडावी लागे; चित्र घेणे हे सर्वांत शेवटचे काम असे. आज एका मिनिटात पन्नास चित्रे काढता येतात. म्हणूनच पाहण्याचे काम मागे पडते. डोंगरावर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. वारा कोठून येतो, ढग कोणत्या दिशेला सरकत आहेत, ऊन कोठे पडणार आहे, हे एकदा कळले की अर्धे चित्र तयार झाले असे समजावे.

कासचा सडा

महाराष्ट्रात या हंगामातील छायाचित्रणाचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ म्हणजे साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेले कासचे पठार. उंची साधारण १,२०० मीटर. खाली काळा बसाल्ट, त्यावर जांभ्याचा कातळ, आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. कोठे बोटभर, तर कोठे तेवढाही नाही. अशा कातळी माळाला आपल्याकडे ‘सडा’ म्हणतात. उन्हाळ्यात हा सडा ओसाड दिसतो. परंतु पाऊस पडून कातळातील खळग्यांत पाणी साचले, की त्या मूठभर मातीत निजलेले बी जागे होते. येथे साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे.

तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा व कवल्याचा पिवळा आणि गेंदाचा पांढरा असे रंगांचे पट्टे येथे आलटून पालटून दिसतात. निळ्याजांभळ्या सीतेच्या आसवांचे सौंदर्य तर ओणवे होऊनच पाहावे. ही नाजूक वनस्पती कीटकभक्षी आहे. जांभ्यावरील मातीत नत्र फार थोडे असते. ती उणीव ही वनस्पती पाण्यातील सूक्ष्म जीव पकडून भरून काढते. तेथेच दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती आपल्या चिकट थेंबांवर माशा धरते. टोपली कारवी मात्र दर वर्षी भेटत नाही. ती सात वर्षांतून एकदाच सामुदायिकरीत्या फुलते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक नैसर्गिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कोयना, चांदोली व राधानगरी यांच्यासह कासचाही समावेश आहे.

प्रकाश, धुके आणि धीर

पुष्कळांची समजूत अशी, की चांगल्या चित्रास लख्ख ऊन हवे. फुलांच्या सड्यावर अनुभव उलट येतो. कडक उन्हात पिवळी व पांढरी फुले करपल्यासारखी पांढुरकी दिसतात आणि सावल्या काळ्याकुट्ट पडतात. पातळ ढगांतून झिरपणारा प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो व रंग खरे उमटतात. परंतु कित्येक फुले ऊन लागल्याखेरीज उमलत नाहीत आणि काही तर दुपार कलल्यावरच डोळे उघडतात. म्हणून ऊन पडून गेल्यावर ढग येईपर्यंत वाट पाहणे, हाच येथील खरा उपाय होय.

ओल्या पानांवर आकाशाची चकाकी पडून हिरवा रंग फिका वाटतो. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पोलरायझर नावाची फिरती काच बसविल्यास ही चकाकी पुष्कळ कमी होते. समोरचे फूल व दूरची डोंगररांग ही दोन्ही स्पष्ट हवी असतील, तर कॅमेरा खाली आणावा, भिंगाचे छिद्र लहान करावे, आणि त्यामुळे वाढलेल्या वेळात हात हलू नये म्हणून तीन पायांचा स्टँड वापरावा. मोबाइल असल्यास तो दगडावर टेकवून धरला तरी काम भागते. थंड भिंगावर दमट हवेची वाफ धरते. ती पुसण्यास मऊ सुती कापड जवळ असावे.

धुके आले म्हणून निराश होऊ नये. धुके मागच्या रांगांना एकेक करून फिके करते आणि त्यामुळेच चित्रात खोली येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील १,४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी धुके कधी कधी आणखीही एक नवल दाखविते. सकाळचा सूर्य पाठीशी असावा आणि समोरच्या दरीत ढग दाटलेला असावा. मग त्या ढगावर रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटते व त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःची सावली पडते. यालाच इंद्रवज्र म्हणतात. मात्र ते पाहण्याच्या नादात कड्याच्या काठाकडे सरकू नये. पावसाने निसरडा झालेला कातळ अनुभवी गिर्यारोहकालाही क्षमा करीत नाही.

चित्र बोलावते, मग पुढे काय?

छायाचित्र केवळ आठवण ठेवीत नाही. ते इतरांना बोलावते. या शक्तीने भलेही होते व बुरेही होते. अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स हा छायाचित्रकार सिएरा नेवाडा पर्वतात वर्षानुवर्षे उन्हाळे घालवीत असे. त्या पर्वतावरील त्याचा चित्रसंग्रह १९३८ मध्ये निघाला. तो शासनातील मंत्र्यांपर्यंत व राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचला, आणि १९४० मध्ये तेथे किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्या यशाचे श्रेय पुष्कळांचे असले, तरी चित्रांचाही त्यात मोठा वाटा होता.

कासची कथा जरा निराळी आहे. तेथील फुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून व पुढे मोबाइलमधून घरोघरी पोहोचली आणि लोकांची रीघ लागली. गालिच्यात बसून चित्र काढून घेण्याची हौस फुलांच्या मुळावर आली. असे का व्हावे, हे समजून घेतले पाहिजे. या सड्यावरील बहुतेक वनस्पती वर्षायू आहेत. फुलून बी धरले की त्यांचे आयुष्य संपते. बी धरण्यापूर्वीच झाड तुडविले गेले, तर केवळ आजचे फूल जात नाही, पुढील वर्षाचे बीजच जाते. शिवाय पावलांच्या भाराने तो बोटभर मातीचा थर घट्ट होतो, पाणी मुरण्याची व साचण्याची रीत बदलते, आणि जे घडावयास शतके लागली ते काही हंगामांत मोडते.

म्हणूनच वन विभाग व स्थानिक ग्रामस्थांच्या समितीने तेथे व्यवस्था आणली. प्रवेशशुल्क ठरले, आगाऊ नोंदणी सुरू झाली, आणि दिवसाला तीन हजारांपेक्षा अधिक पाहुणे येऊ नयेत अशी मर्यादा घालण्यात आली. या कामातून आसपासच्या गावांतील तरुणांना मार्गदर्शक म्हणून रोजगारही मिळू लागला. काही काळ कुंपणही घालण्यात आले होते. पुढे ते काढण्यात आले. कुंपण असो वा नसो, खरी राखण पाहुण्याच्या पावलांनीच करावयाची आहे.

कुटुंबासाठी पाच नियम

पहिला, ठरविलेली वाट किंवा उघडा कातळ सोडून पाऊल टाकू नये. चित्रासाठी चार हात पुढे सरकण्याचा मोह होतो, त्याऐवजी भिंगाने जवळ जावे. दुसरा, स्टँडचे पाय फुलांत किंवा डबक्यांत रोवू नयेत. तिसरा, मुलांना फूल तोडू न देता त्याचे नाव विचारण्यास शिकवावे. स्थानिक मार्गदर्शक ते आनंदाने सांगतात. चौथा, दुर्मीळ वनस्पती आढळल्यास तिचे चित्र जरूर घ्यावे, परंतु नेमकी जागा जगजाहीर करू नये. ती वन विभागास किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस कळवावी. पाचवा, प्रत्येक चित्राची तारीख व स्थळ वहीत नोंदवून ठेवावे. अमुक फूल अमुक वर्षी केव्हा उमलले, ही नोंद दहा वर्षांनी अभ्यासकाला फार मोलाची ठरते.

आपल्या दाराशी असलेला डोंगर

प्रत्येकाला साताऱ्यास किंवा स्पितीस जाता येईल असे नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. महाराष्ट्राबाहेर नोकरी-उद्योगानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही डोंगर बहुधा जवळच सापडेल. उदाहरणार्थ, जयपूरचे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र घ्या. सीकर रस्त्यालगतची कारखान्यांची ही वसाहत धूर, लोखंड व मालमोटारी यांनी गजबजलेली असते. परंतु नाहरगडाच्या अरवली टेकड्या तेथून लांब नाहीत, आणि पावसाळ्याअखेर त्या उघड्याबोडक्या टेकड्यांवरही हिरवळ चढते. त्याच जयपुरात एकोणिसाव्या शतकात महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांनी स्वहस्ते छायाचित्रण केले होते. तेव्हा पाळी संपल्यावर किंवा सुटीच्या दिवशी एखाद्या कामगाराने मुलांना घेऊन अशी टेकडी चढावी आणि दर वर्षी त्याच तारखेस, त्याच दगडाजवळून एकच चित्र घ्यावे. पाच वर्षांनी ती पाच चित्रे शेजारी शेजारी मांडली, म्हणजे टेकडीची झाडी वाढली की घटली, याचा इतिहास त्या घराजवळ असेल.

पर्वत आपल्यापूर्वी होते आणि आपल्यानंतरही राहणार आहेत; परंतु त्यांच्या माथ्यावरील बोटभर माती व तीतील बी यांचे भवितव्य आपल्या हाती, किंबहुना आपल्या पायांत आहे. या भाद्रपदात आपण जेथे कोठे चढाल, तेथून उत्तम चित्रे अवश्य आणा. आणि पुढील वर्षी येणाऱ्यालाही तीच फुले तेथे फुललेली मिळतील, एवढी काळजी घेऊन उतरा.