चार अंशांवरचा गोंधळ

दहावीच्या विज्ञानात पाण्याचं असंगत आचरण असतं. होपच्या उपकरणाची आकृती, दोन तापमापी, मधोमध गोठणमिश्रण आणि परीक्षेत हमखास प्रश्न. 4 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वाधिक असते, हे वाक्य त्यामुळे बहुतेकांना पाठ असतं. वाक्य बरोबरच आहे. घोळ होतो तो त्यावरून पुढे काय काय ठरवलं जातं, तिथे.

गैरसमज : थंड पाणी नेहमी खाली जातं.

वस्तुस्थिती : 4 अंशांपर्यंतच. गोठण्याआधी पाणी प्रसरण पावतं, हे सतराव्या शतकातच लक्षात आलं होतं. पण आकसतं ते काचेचं भांडं, पाणी नव्हे, अशी शंका काढली जाई. एडिनबरोच्या थॉमस चार्ल्स होप यांनी 1805 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही शंका निकालात काढली, कारण त्यांनी पाण्याची पातळी मोजलीच नाही. उभ्या नळकांड्याला मध्यावर थंड केलं आणि वरखाली तापमापी लावले. आधी खालचा पारा उतरू लागतो, वरचा जवळपास जागचा हलत नाही. खालचा 4 अंशांच्या आसपास थांबला की मग वरचा घसरू लागतो आणि शून्यापर्यंत जातो. म्हणजे मध्यावर गार झालेलं पाणी आता वर चढतं आहे. काच आकसली काय, न आकसली काय, निष्कर्ष तोच.

गैरसमज : 4 अंशांची ही सोय नसती, तर तळी तळापासून गोठली असती.

वस्तुस्थिती : इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. बर्फ तरंगतो तो त्याची स्फटिकरचना पोकळ असल्यामुळे: एक घनमीटर बर्फ सुमारे 917 किलो, शून्य अंशाचं पाणी 999.84 किलो. समुद्रच बघा. पाण्यात किलोमागे साधारण 25 ग्रॅमहून जास्त क्षार असले, की ते गोठेपर्यंत जडच होत जातं. तरीही समुद्रातला बर्फ वरच असतो.

मग 4 अंशांचं काम काय? तळं निवत असताना गार पाणी खाली, कोमट वर, असं अभिसरण चालू असतं आणि सगळ्या खोलीतली उष्णता बाहेर पडते. सगळं पाणी 4 अंशांवर आलं की हे रहाट थांबतं. आता शून्यावर यायचं ते फक्त वरच्या थराने. पुढे बर्फ धरला की उष्णतेला बर्फातून वहनाने वाट काढावी लागते आणि गोठणाऱ्या दर किलोमागे 334 किलोज्यूल अप्रकट उष्मा त्याच वाटेने बाहेर जावा लागतो. म्हणून थंडी तेवढीच राहिली, तर दुप्पट जाडीला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो.

गैरसमज : गोठलेल्या तळ्यात बर्फाखाली सगळीकडे 4 अंश असतात.

वस्तुस्थिती : बर्फाला लागून शून्यच असतं, तापमान खाली वाढत जातं. तळाशी 4 अंश मिळतीलच असंही नाही. 4 आणि शून्य अंशांच्या पाण्यात हजार लिटरमागे फरक जेमतेम 130 ग्रॅमचा. 20 आणि 24 अंशांत तोच 900 ग्रॅमच्या घरात. इतका क्षुल्लक फरक वारा सहज मोडून काढतो. काश्मीरच्या डलसारख्या उथळ सरोवरात बर्फ धरण्याआधीच वाऱ्याने पाणी घुसळलं गेलं, तर तळसुद्धा 4 अंशांच्या खाली जातो. बैकलसारख्या 1,600 मीटरहून खोल सरोवरात कारण वेगळं: दाबामुळे सर्वाधिक घनतेचं तापमानच खाली सरकतं.

गैरसमज : बर्फाखालचं पाणी उन्हाळ्यापर्यंत निपचित असतं.

वस्तुस्थिती : हिवाळा सरताना ऊन स्वच्छ बर्फातून आत शिरतं. 1-2 अंशांचं पाणी तापलं की जड होतं आणि खाली जातं. वरून तापवल्यामुळे सुरू होणारं अभिसरण! बर्फावर हिमाचा जाड थर असला तर मात्र ऊन पोहोचतच नाही.

गैरसमज : तापमानातला फरक मोठा, की अभिसरण जोमदार.

वस्तुस्थिती : एक भिंत शून्य अंशाला, समोरची 8 अंशांना ठेवा. दोन्हींलगतचं पाणी जवळपास सारख्याच घनतेचं, दोन्हीकडे ते वर चढतं आणि मधलं 4 अंशांचं खाली येतं. दोन चक्रं तयार होतात आणि मधल्या पडद्यापलीकडे उष्णता फारशी जात नाही.

शाळेत हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांना एक सूचना. गोठणमिश्रणातलं मीठ नळकांड्यात झिरपू देऊ नका. 4 आणि शून्य अंशांमधला घनतेचा फरक पुसून टाकायला लिटरमागे पाव ग्रॅमसुद्धा मीठ लागत नाही. खारट पाणी तळाशी बसलं की खालचा तापमापी 4 च्या खालीही जाईल.